उपपद

गूल गावात पाण्याच्या दोन टाक्या आहेत शेजारी शेजारी,
एक जाड, एक शिडशिडीत;
लोक त्यांना मीठदाणी-मिरीदाणी म्हणतात.
त्यांच्या सावलीच्या शाळेत अ‍ॅल्विन थ्रेलकेल्डनं
एकतीस वर्षं गोदी कामगारांच्या पोरांना व्याकरण शिकवलं.
कर्ता कोण? कर्म कुठे दडलंय?
क्रियापदाविना वाक्य म्हणजे, तो म्हणे, इंजिनाविना बोट.
रंग कितीही द्या, धक्क्यालाच कुजणार.

मार्चमध्ये, अर्धी दाढी झालेली असताना,
मेंदूत कुठेतरी एक गुठळी सरकली.

नामं वाचली.
चहा. खिडकी. हेस्टर. मॉप्सी
(कुत्री; सहा वर्षांपूर्वी मेलेली, नाम मात्र जिवंत).
गेले ते बारके लोक:
ऑफ, टु, इज, अ‍ॅट, बाय, द.
ज्यांना तो फळ्यावर खिळे म्हणायचा.
खुर्चीत बसताना, पोरांनो, खिळा कोण बघतं?
आता घरभर नुसत्या फळ्या पडल्यात.

केवलप्रयोगी अव्ययं तेवढी झाडून परत आली,
शिवाय जी त्यानं आयुष्यात तोंडातून काढली नव्हती तीही.
पाद्रीबाबा द्राक्षं घेऊन भेटायला आले
तेव्हा गोदीतली एक शिवी
इतक्या स्वच्छ उच्चारात बाहेर पडली
की पाद्रीबाबा आधी दचकले
आणि मग म्हणाले, वा, प्रगती आहे.

दर गुरुवारी लीड्सहून फोलाके येते, वाचा-उपचारवाली.
टेबलावर चित्रं मांडते.
माणूस, कुत्रा, चावा.
कोण कुणाला चावलं, मिस्टर थ्रेलकेल्ड?
तो तिन्ही शब्द बरोबर सांगतो
आणि तिघांकडे बघत बसतो,
ओळख करून द्यायला कुणी नसलेल्या पाहुण्यांसारखा.
मराठीत 'ला' कुत्र्याच्या शेपटीलाच बांधलेला असतो,
कुत्रा वाक्यात कुठेही हिंडू दे.
इंग्रजीत सगळी भिस्त रांगेवर
आणि त्या खिळ्यांवर.

हेस्टरचं आणि व्याकरणाचं कधी जमलं नाही.
लग्नाआधी तिनं लिहिलेली पत्रं
तो तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत पाठवायचा.
तिनं वर्षभर विचार केला, मग हो म्हणाली.
आता तीच त्याच्यासारखी बोलू लागलीय.
अ‍ॅल्विन. गोळी. पाणी. झोप.
फोलाकेनं एकदा ऐकलं आणि तिला बाजूला घेतलं:
नाही, तुम्ही पूर्ण बोला,
त्यानं फळ्या फेकल्या म्हणून तुम्ही खिळे फेकू नका.
त्या रात्री हेस्टर पलंगाच्या काठावर बसून
बाजारहाटाची यादीसुद्धा
अव्ययांसकट, सावकाश, मोठ्यानं वाचत होती.

ऑक्टोबर. खिडकीबाहेर ऊझ नदी, चिखलाच्या रंगाची.
हेस्टर मागच्या अंगणात कपडे काढत होती.
आतून आवाज आला:
"द केटल."

हातातली उशीची खोळ तशीच राहिली.
नुसती किटली नाही.
दुकानातली, चित्रातली, कुठलीतरी एक नाही.
द.
तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, अशी किटली.
मी ज्या भाषेत हे लिहितोय तिच्यात याला शब्द नाही;
'ती किटली' म्हणावं तर बोट दाखवल्यासारखं होतं,
आणि इथे बोट नव्हतं,
दोघांचं एक जुनं स्वयंपाकघर होतं फक्त.

ती धावत आत आली.
"पुन्हा म्हण," ती म्हणाली, "अ‍ॅल्विन, पुन्हा एकदा म्हण."
तो गॅसकडे बघत होता.
पाणी केव्हाच आटलेलं, बूड लाल,
जळक्या धातूचा वास जिन्यापर्यंत गेलेला.
कसला हा वर्ग आणि कसली ही उजळणी!
चाळीस वर्षांच्या संसाराचा सगळा वैताग एकवटून
तो ओरडला:
"द"
मग गोदीतली तीच शिवी, विशेषण होऊन,
"केटल!"

हेस्टरनं गॅस बंद केला.
ओट्याला टेकून हसत राहिली, डोळे पुसत.
विशेषण अगदी आपल्या जागी होतं.
उपपदानंतर, नामाच्या आधी.